तीन कोटी शब्दांचा हिशेब आणि उसाच्या फडावरचं बाळ

तुमच्यापैकी कुणी बालविकास, भाषाशिक्षण किंवा सार्वजनिक आरोग्य या विषयांत सिनॉप्सिस लिहायला घेतलं असेल, तर पहिल्या दोन-तीन पानांत एक वाक्य बहुतेक येऊन बसलेलं असेल. गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. पुढे दोन आडनावं आणि १९९५ हे साल. हे वाक्य इतक्या ठिकाणी इतक्या वेळा आलंय, की ते कुणाच्या घरात बसून मोजलं हे विचारायचं राहूनच जातं. व्हायव्हाला आलेले बाहेरचे परीक्षक मात्र नेमकं तेच विचारतात.

म्हणून आज हा एकच अभ्यास घेऊ आणि नीट उलगडून बघू. बघताना पाय आपल्याच जमिनीवर ठेवू, म्हणजे बारामती आणि इंदापूर तालुक्यांत. एकीकडे भिगवण रोडच्या सोसायट्यांमध्ये बाळाला जन्मापासून चित्रांची कार्डं दाखवणारे आईबाप आहेत. दुसरीकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या हद्दीत दर हंगामाला बीड, अहिल्यानगरकडून येऊन कोपीत राहणारी ऊसतोडीची कुटुंबं आहेत, आणि त्यांच्याबरोबर काही महिन्यांची बाळंही आहेत. तीन कोटींचं ते वाक्य या दोन्ही घरांना सारखंच लावता येतं का, हा प्रश्न आहे.

आधी अभ्यास काय होता ते. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली हे अमेरिकेतल्या कॅन्ससमधले संशोधक. त्यांनी ४२ कुटुंबं निवडली. मूल सात ते नऊ महिन्यांचं असल्यापासून तीन वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक तास घरी जाऊन बसायचं, टेप चालू ठेवायची, नोंदी घ्यायच्या, आणि नंतर प्रत्येक शब्द उतरवून काढायचा. काम प्रचंड आहे, याबद्दल वाद नाही. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला किती तास जातात हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. या कुटुंबांपैकी १३ उच्च व्यावसायिक वर्गातली, २३ मध्यम आणि कामगार वर्गातली, आणि ६ सरकारी मदतीवर जगणारी. मुलाला उद्देशून तासाला सरासरी किती शब्द बोलले गेले? पहिल्या गटात २,१५३, मधल्या गटात १,२५१ आणि शेवटच्या गटात ६१६.

आता वही घ्या आणि हिशेब स्वतः करा. संशोधकांनी धरलं की मूल आठवड्याला १०० तास जागं असतं, म्हणजे वर्षाला ५,२०० तास. २,१५३ मधून ६१६ वजा केले तर उरतात १,५३७. त्याला ५,२०० ने गुणा, मग चार वर्षांनी गुणा. उत्तर येतं ३ कोटी १९ लाख ६९ हजार ६००. झालं, हेच ते तीन कोटी.

हिशेब पाहिलात? त्यात गणिताची चूक एकही नाही. मी संख्याशास्त्रातून आलेय म्हणून माझं लक्ष आधी दुसरीकडे जातं: तफावतीचं एक टोक फक्त सहा कुटुंबांवर उभं आहे. सहा! तुमच्या गाइडकडे सहाचं सॅम्पल घेऊन गेलात तर काय ऐकावं लागेल ते तुम्हाला माहीत आहे. ही सहाही कुटुंबं कृष्णवर्णीय होती, त्यामुळे गरिबीचा परिणाम कुठला आणि वंशाचा, वस्तीचा, वागणुकीच्या रीतीचा कुठला, हे वेगळं काढायची सोयच उरत नाही. निरीक्षण तिसऱ्या वर्षी संपलं आणि हिशेब चौथ्या वर्षापर्यंत ओढला. शिवाय महिन्यातल्या त्या एका तासात जे झालं तेच बाकीच्या सगळ्या जाग्या तासांत होत असणार, हे गृहीत धरलं.

त्या एका तासात विद्यापीठातून आलेला माणूस टेप घेऊन समोर बसलेला होता, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे सर्व्हेवाली बाई दारात उभी राहिली की काय होतं आठवा. शिकलेल्या घरात आई बाळाला जरा जास्तच खेळवायला लागते, पाहुण्यांना दाखवायला. वाडीवरच्या घरात सून डोक्यावरचा पदर सारखा करून गप्प होते, सासू तेवढी उत्तरं देते. दोन्ही घरांत रोज जे चालतं ते त्या तासात दिसत नाही, आणि न दिसणं दोन विरुद्ध दिशांना आहे. सरासरीने असा दोष धुऊन निघत नाही. नमुना कितीही मोठा घेतला तरी निघत नाही, कारण चूक यादृच्छिक नाही.

यावर पुढे काय झालं? डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी आणि पेगी मिलर यांनी अमेरिकेतल्याच पाच वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या ४२ मुलांची मुद्रणं पुन्हा तपासली. त्यांचा पेपर २०१९ चा. त्यांना आढळलं की एकाच आर्थिक थरातल्या वस्त्यांमध्येही प्रचंड फरक आहे. आई सोडून घरात बोलणारी बाकीची माणसं मोजली, आणि मुलाच्या कानावर पडणारं आजूबाजूचं बोलणं मोजलं, तर आकडे पार बदलतात. पेपर आला तसा गदारोळ झाला. रॉबर्टा गोलिंकॉफ आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं: तुमच्याकडे उच्च व्यावसायिक वर्गाचा गटच नाही, मग तफावत नाही असं कशावरून म्हणता? आणि नुसतं कानावर पडलेलं बोलणं म्हणजे मुलाशी केलेलं बोलणं नव्हे.

दोन्ही पेपर एकापाठोपाठ एक वाचा. वादाचं पुनरावलोकन कसं लिहावं याचा सराव यापेक्षा चांगला मिळणार नाही. माझं मत विचाराल तर गोलिंकॉफ यांचा पहिला आक्षेप बिनतोड आहे. दुसरा अर्धा बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा आपल्या घरांकडे पाहिल्यावरच कळतो.

बरोबर असलेला अर्धा आधी. ॲड्रियाना वाइस्लेडर आणि ॲन फर्नाल्ड यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या गरीब, स्पॅनिश बोलणाऱ्या २९ कुटुंबांचा अभ्यास केला. मुलं १९ महिन्यांची, मुद्रण दिवसभराचं. साधारण सारख्याच परिस्थितीतली घरं, पण दहा तासांत एका मुलाशी बोललेले शब्द १२ हजारांच्या वर, तर दुसऱ्याशी जेमतेम ६७०. दोन वर्षांचं झाल्यावर मुलाचा शब्दसंग्रह त्याच्याशी केलेल्या बोलण्याशी जुळत होता, आजूबाजूच्या गप्पांशी नाही. म्हणजे बाळाशी बोलणं महत्त्वाचं आहे. हा निष्कर्ष अजून टिकून आहे, आणि तो गरीब-श्रीमंत तुलनेतून आलेला नाही हे त्याचं बळ. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये १९९५ च्या जागी हा पेपर आला तर मला आनंद होईल.

आता उरलेला अर्धा. ‘मुलाला उद्देशून केलेलं बोलणं’ म्हणजे नक्की कोणतं? इंग्रजीत लिहिलेली कोडिंगची नियमावली वाचताना हे सोपं वाटतं. इंदापूरच्या एखाद्या घरात बसलात की घोटाळा सुरू होतो. आई मांडीवरच्या पाच महिन्यांच्या बाळाला म्हणते, “बघ रं बाळा, तुझ्या बापाला हाय का काही? सकाळधरनं पाणी नाही भरलं.” डोळे बाळाकडे, सूर लाडाचा, संबोधन बाळाचं. आणि ऐकायचं आहे ओट्यावर मोबाइल बघत बसलेल्या नवऱ्यानं. लेकी बोले सुने लागे, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. मग हे वाक्य कोणत्या रकान्यात टाकायचं, बाळाच्या की बापाच्या? दोन कोडर दोन रकान्यांत टाकतील आणि तुमचा सहमतीचा निर्देशांक कोसळेल.

उलटंही होतं. आजी म्हणते, “म्हण, मी नाही जेवायची. म्हण, मला भूर जायचंय.” आजी बाळाशी बोलतेय, बाळाच्या वतीनं बोलतेय आणि सुनेला सांगतेय, तिन्ही एकाच वेळी. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांमध्ये बांबी शिफेलिन यांनी अशीच एक पद्धत नोंदली आहे. तिथे आई लहान मुलाला वाक्य देते आणि ‘असं म्हण’ म्हणते, ते वाक्य तिसऱ्याच माणसाला उद्देशून असतं. त्याच अभ्यासात हेही आहे की तिथल्या आया अगदी तान्ह्या बाळाशी गप्पा मारत नाहीत, त्याला लोकांकडे तोंड करून धरतात आणि त्याच्या वतीनं बोलतात. मुलं तिथेही बोलायला शिकतात. आपली आजी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते. तिच्यासाठी तिसरा रकाना लागतो, आणि तो रकाना आखणं हाच एका चांगल्या पेपरचा विषय आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या विद्यार्थ्यांना ती फारशी माहीत नसते. बाळाशी बोलण्याची भाषा हा विषय जगात ज्या लेखांपासून नीट सुरू झाला, त्यांत मराठी पहिल्यापासून आहे. चार्ल्स फर्ग्युसन यांचा १९६४ चा लेख सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना करतो: अरबी, मराठी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी आणि स्पॅनिश. त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी बाळबोलीवरचा स्वतंत्र लेख ‘वर्ड’ या नियतकालिकात आला. केळकर म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ, हे वेगळं सांगायला नको. भूभू, माऊ, चिऊ, मम्मं, बाऊ, गाई-गाई हे शब्द आपण लाडानं बोलतो. पण त्यांना स्वतःची ध्वनिरचना आहे, द्विरुक्ती आहे, आणि मोठी माणसं ते नियमानं वापरतात, हे साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. असं असताना आपल्याकडचे बरेच प्रबंध कॅन्ससपासून सुरू होतात. साहित्य-आढावा घेताना इंग्रजीतल्या शोधयंत्रात पहिल्या पानावर आलेल्या दहा नोंदींवर थांबलं की असं होतं.

(जाता जाता. बारामतीतल्या शिकलेल्या घरात सध्या एक मजा चालते. आजी खिडकीतला कावळा दाखवून ‘काऊ’ म्हणते, आणि आई पुस्तकातली गाय दाखवून ‘काऊ’ म्हणते. बाळ बिचारं दोन्हीकडे बघतं. दुभाषिक संपादनावर कुणाला काम करायचं असेल तर घ्या हा विषय.)

शब्द मोजण्याची अडचण तर अजून पुढेच आहे. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा मराठीत एक शब्द. तेवढंच इंग्रजीत सांगायचं तर ‘ईव्हन टु द पीपल इन द हाउस’, म्हणजे सात शब्द. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, कर्ता बरेचदा बोलायचाच नसतो, क्रियापदावरून कळतो. मग तासाला २,१५३ इंग्रजी शब्द आणि तासाला अमुक मराठी शब्द यांची तुलना कशाच्या जोरावर करायची? ‘गाई-गाई’ एक की दोन? ‘जेवण-बिवण’ मधलं ‘बिवण’ मोजायचं का? हे प्रश्न किरकोळ वाटतील, पण तुमच्या परिणामाचा आकार यांच्यावर हलतो. हल्ली बाळाच्या अंगरख्याच्या खिशात ठेवायचं ‘लीना’ नावाचं यंत्र मिळतं, दिवसभर मुद्रण करून मोठ्यांचे शब्द आपोआप मोजणारं. ते शब्द ओळखत नाही, आवाजावरून अंदाज बांधतं, आणि तो अंदाज बांधायला ते शिकलंय अमेरिकन इंग्रजी घरांतल्या मुद्रणांवर. मराठीसाठी वापरायचं तर आधी हातानं मोजून पडताळणी करा आणि ती पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

या यंत्रातून आलेला सगळ्यात मोठा डेटा एलिका बर्गलसन आणि सहकाऱ्यांचा, २०२३ चा. १,००१ मुलं, १२ देश, ४३ भाषा, ४० हजारांहून जास्त तास. मोठी माणसं आजूबाजूला जितकी जास्त बोलतात तितकं मूल जास्त आवाज काढतं, जास्त बोलतं, असा संबंध मिळाला. आईच्या शिक्षणाशी मात्र मिळाला नाही. तीन कोटींच्या कथेला हा मोठा धक्का आहे. पण इथेही घाई नको. या यंत्राला मुलाशी केलेलं बोलणं आणि मुलाजवळ केलेलं बोलणं यांतला फरक कळत नाही, आणि मुलाकडून मोजलंय ते बोलण्याचं प्रमाण, शब्दसंग्रह नाही. प्रश्न थोडा बदललेला आहे. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांमध्ये अलेहांद्रिना क्रिस्तिया यांच्या गटाला तर असं दिसलं की चार वर्षांखालच्या मुलांशी थेट बोलणं दिवसाउजेडी तासाला एक मिनिटही होत नाही. तरी ती मुलं त्यांची भाषा बोलतातच. यावरून ‘मग बाळाशी बोलायची गरजच नाही’ असं कुणी म्हणालं तर त्यांना वाइस्लेडर यांचा पेपर द्या. किमान किती पुरतं हा एक प्रश्न, आणि शाळेत ज्या प्रकारच्या भाषेची परीक्षा होते तिच्यासाठी किती लागतं हा दुसरा.

पुस्तकांचं काय? बाळाला पुस्तक वाचून दाखवा हा सल्ला आता बारामतीच्या बालरोगतज्ज्ञांकडेही ऐकू येतो, आणि सल्ला वाईट नाही. पण पुरावा किती हे बघा. क्लेअर नोबल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ५४ अभ्यासांचं मेटा-विश्लेषण केलं. एकत्र पुस्तक वाचण्याचा भाषेवर परिणाम मिळाला सुमारे ०.२ प्रमाण विचलन, म्हणजे लहान. नियंत्रण गटाला काहीच न देता तसंच ठेवलं होतं की त्यांनाही दुसरा काही उपक्रम दिला होता, हे वेगळं करून पाहिलं तर दुसऱ्या प्रकारात परिणाम जवळपास शून्यावर आला. याला म्हणतात सक्रिय नियंत्रण गट, आणि हा एक मुद्दा समजला तर निम्मे ‘उपक्रमाची परिणामकारकता’ छापाचे प्रबंध तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचाल. पुस्तकं फुकट असा याचा अर्थ काढू नका. मला यातून दिसतं ते इतकंच की पुस्तक हे मोठ्या माणसाला बाळाजवळ बसवायचं एक निमित्त आहे, आणि निमित्तं दुसरीही असतात.

दुसरं निमित्त हवं तर पहिल्या महिन्यांतली आंघोळ बघा. न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून पाटावर बसते, बाळ नडगीवर पालथं, तेल, गरम पाणी, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. बाळ रडतं, ती उत्तर देते, बाळ हुंकारतं, ती पुन्हा काहीतरी म्हणते. फेरपालटीचं बोलणं याहून शुद्ध स्वरूपात प्रयोगशाळेतही मिळणार नाही. शब्दांच्या नुसत्या संख्येपेक्षा अशा देवाणघेवाणीचा मुलाच्या भाषेशी संबंध जास्त घट्ट आहे, असं अलीकडचे बरेच अभ्यास दाखवतात. रेचल रोमिओ यांच्या २०१८ च्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या मेंदूची प्रतिमा घेतली, तिथेही घरातल्या संवादाच्या फेऱ्यांचाच संबंध दिसला.

आणि मोबाइल? पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग पाठच करा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले. तोच माणूस पडद्यावर दाखवला तेव्हा काहीच शिकणं झालं नाही. यूट्यूबवरची बालगीतं लावून बाळाला खुर्चीत बसवणाऱ्या घरांचा प्रश्न गरिबीचा नाही, हे बारामतीत फिरलात तरी दिसेल.

पण ज्या घरांबद्दल तीन कोटींचं वाक्य सगळ्यात सहज वापरलं जातं, तिकडे आता जाऊ. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, ती फेडेपर्यंत सुट्टी नाही. खाडा पडला तर पैसे कापले जातात. उजाडायच्या आधी फडावर जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. बाळाला बांधाच्या कडेला झाडाला बांधलेल्या झोळीत किंवा गाडीखाली सावलीत ठेवतात, बरोबर सहा-सात वर्षांची बहीण. दिवसातला बराच काळ बाळाशी बोलणारं माणूस म्हणजे ही बहीण. हार्ट-रिस्लींच्या पद्धतीनं तुम्ही संध्याकाळी एक तास कोपीत जाऊन बसलात, तर चुलीपुढे थकलेली आई दिसेल. तिचा आकडा ६१६ पेक्षाही कमी भरेल. मग तुमच्या प्रबंधात वाक्य येईल: ‘ऊसतोड मजूर मातांमध्ये बाळाशी संवादाबाबत जागरूकतेचा अभाव आढळला.’

हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच ठिकाणी वाचलंय, आणि या लेखाचं खरं कारण तेच आहे. तुम्ही मोजलं बोलणं आणि लिहिलं जागरूकता. मधे काय गेलं? वेळ गेला, उचल गेली, खाडा गेला. तिच्याकडे जागरूकता नाही हे दाखवायचं तर तिला बाळाबरोबर मोकळे दोन तास असताना ती काय करते ते बघायला हवं, म्हणजे हंगाम संपल्यावर तिच्या गावी जायला हवं. तोच आकडा तिथे वर गेला तर कारण वेळ होता. गेला नाही तर मग पुढचं बोलू. अशी तुलना, तीच आई, हंगामात आणि हंगामाबाहेर, हा तुमचा खरा अभ्यास-आराखडा होऊ शकतो, आणि त्यात गरीब-श्रीमंत गटांची गरजच पडत नाही.

वाक्य चुकीचं लिहिल्याचा परिणाम कागदावर थांबत नाही. अमेरिकेत तीन कोटींच्या आकड्यावर आख्ख्या मोहिमा उभ्या राहिल्या. प्रॉव्हिडन्स शहरानं गरीब घरांतल्या बाळांना शब्दमोजणी यंत्रं लावून आईबापांना आकडे दाखवायचा कार्यक्रम केला, त्याला २०१३ मध्ये मोठं बक्षीसही मिळालं. आपल्याकडे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०२४ मध्ये शून्य ते तीन वर्षांच्या बाळांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. त्यात बोलणं, गाणं, खेळणं हे सगळं आहे, आणि दिशा चांगली आहे. पण तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत बसत नाही, त्याला घरपोच आहार मिळतो आणि सेविकेची गृहभेट मिळते. त्या भेटीत सेविका कोपीतल्या आईला ‘बाळाशी बोलत जा गं’ एवढंच सांगून गेली, तर दोष आईच्या पदरात टाकून झाला. त्याऐवजी फडाजवळ पाळणाघर आणि तिथे बाळांशी बोलणारी एक पगारी बाई, ही मागणी तुमच्या ‘शिफारशी’ प्रकरणात यायची असेल तर आधी तुमच्या मोजमापात ती बहीण आणि तो वेळ यायला हवा.

एकट्या आईला सांगण्याखेरीज दुसरी वाट आहे, याला भारतातला पुरावा आहे. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी ओडिशातल्या १९२ गावांत प्रयोग केला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. काही गावांत घरोघरी जाऊन आईला बाळाशी खेळायला-बोलायला शिकवलं, काही गावांत आयांचे गट बसवले. दोन्हींत बाळांच्या विकासात जवळपास सारखी सुधारणा दिसली, खर्च मात्र गटांचा कितीतरी कमी. ऊसतोडीच्या थळावर पंधरा-वीस कोप्या शेजारी-शेजारी असतात. गट आयता आहे, वेळ तेवढी आणायची कुठून ते बघावं लागेल.

बोलीचा मुद्दा मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर वेगळा लेख लिहायचा आहे. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. तिथे मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी १९७३ मध्ये प्रबंध लिहिला, आणि बोलण्यातले फरक समाजातल्या थरांशी कसे बांधलेले असतात हे दाखवलं. तुमच्या हातातली शब्दसूची प्रमाण मराठीत असेल तर ‘पानी’ आणि ‘हितं’ म्हणणाऱ्या मुलाला गुण मिळणार की नाहीत? आणि बंजारा कुटुंबातलं मूल घरी गोरमाटी ऐकतं, त्याला तुम्ही फक्त मराठी शब्द विचारलेत तर त्याची निम्मी भाषा तुमच्या तक्त्यात दिसणारच नाही. आधी घरात कोण कोणत्या भाषेत बोलतं याची नोंद, मग सूची.

अजून एक खास आपल्याकडची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ तीन-पाच महिन्यांचं होऊन सासरी येतं, म्हणजे त्याच्याशी बोलणारी सगळी माणसं एका दिवसात बदलतात. तुम्ही सातव्या महिन्यापासून मुद्रण सुरू केलंत तर आधीचे सगळे आवाज तुमच्या अभ्यासाबाहेर राहिले. प्रश्नावलीत निदान एक ओळ ठेवा: बाळ माहेरी किती महिने होतं, तिथे कोण-कोण होतं.

ज्यांना यावर खरंच काम करायचं आहे त्यांच्यासाठी शेवटचं, अगदी व्यवहाराचं. दिवसभराच्या मुद्रणात फडावरची भांडणं, मुकादमाबद्दलचं बोलणं, सगळं येतं. त्यामुळे मुकादमाची परवानगी घेऊन भागत नाही. संमती आईची, तिला समजेल अशा भाषेत, आणि नको वाटलं तर त्या दिवसाचं मुद्रण पुसून टाकायची मुभा तिला हवी. एथिक्स कमिटी यावर प्रश्न विचारणारच, आणि एका बैठकीत मंजुरी मिळेल अशी आशा ठेवू नका. कारखान्यांची धुराडी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात. हा हंगाम पकडायचा असेल तर अर्ज जूनमध्ये आत गेलेला हवा.